तोंडाने सांग

रविवार, १९ एप्रिल
तेलविहिरींची वसाहत, पेकॉसच्या पुढे

डोरीनताई,

तू बरी असशील, मम्माचा गुडघा कुरकुरत का होईना चालत असेल, तुझ्या हॅटीचे पुढचे दात आले असतील. मीही बरा आहे. मी कागदावर लिहितोय याचं तुला हसू येईल. शाळेत निबंध म्हटला की माझं पोट दुखायचं. पण फोनवर तू 'हॅलो' म्हणालीस की मी भांडायलाच लागतो, आणि तूही काही कमी नाहीस. कागद निदान मधेच तोंड घालत नाही.

इथे नवीन काही नाही. वारा आहे, धूळ आहे. दिवसभर विहिरीचे लोखंडी पाइप ओढायचे, मग आंघोळ केली की अंगावरून लाल पाणी. जेवणाचं ठीक चाललंय. हल्ली खोलीवरच डब्यातला घेवडा गरम करून खातो.

तू विचारशील, आणि त्या मिस ऑर्लीनच्या कॅफेचं काय झालं? ख्रिसमसला मी तुला तिचंच उदाहरण फेकून मारलं होतं ना. 'बघ, ती म्हातारी दारावर काय लिहिते : बंदूक चालेल, चिखलाचे बूट नकोत.' तर ती म्हातारी ठणठणीत आहे. कॅफे जागच्या जागी आहे. मीच जात नाही.

मधे उठून ट्रकचं दार लावलंय का बघून आलो. लावलेलंच होतं. आजकाल असंच होतं, बूड टिकत नाही.

मम्माचा फोन आला होता. मेमध्ये आपल्या बेकरीची पन्नाशी म्हणे. 'माझी दोन्ही पोरं भट्टीपुढे उभी राहिल्याशिवाय मी केकला सुरी लावणार नाही,' म्हणाली. तू काय म्हणालीस ते तिने सांगितलं नाही. म्हणजे काहीतरी म्हणालीच असशील.

ती पाटी अजून आहे का बेकरीच्या दारावर? पुठ्ठ्याची. कडेने हॅटीने आपले गोल गोड पाव, कोलाचे, रंगवलेले, जर्दाळूचे पिवळे, खसखशीचे काळे, आणि मधे तुझं अक्षर : 'बंदूक गाडीत ठेवून या.' ख्रिसमसला मी वाचली आणि कमरेच्या पिस्तुलासकट तसाच आत आलो. भर दुकानात, पाद्रीबाबा पाव घेत असताना, तुला अक्षरांची उंची शिकवली. कायद्याने इंचभर हवीत, इंग्रजीत हवं, स्पॅनिशमध्येही हवं, सरकारने ठरवून दिलेले शब्दच हवेत, नाहीतर असली पाटी शेळीला खायला घाल. हे सगळं मला डेल्मरने पढवलेलं. डेल्मर म्हणजे आमच्या टोळीचा मुकादम. इथे आलो तेव्हा मला पाना धरता येत नव्हता. याने शिकवला. पिस्तुलाचा पट्टा कुठे बांधायचा, गर्दीत त्यावर कोपर कसं ठेवायचं, तेही यानेच.

तू म्हणालीस, 'वेस, हॅटी काउंटरपाशी उभी राहिली की तुझं पिस्तूल तिच्या नाकासमोर येतं.'

मी म्हणालो, 'पप्पा याच भट्टीपुढे, हाच पट्टा बांधून उभे राहायचे. तेव्हा तुझं नाक कुठे होतं?'

त्यावर तू नुसता पिठाचा हात पाटीकडे केलास. मी निघालो तो अॅबिलीनपर्यंत गाडीत एकटाच ओरडत होतो.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहितो. मम्माला वाचून दाखवू नकोस.

ईस्टरनंतरचा रविवार. चर्च सुटलेलं, ऑर्लीनकडे पाय ठेवायला जागा नाही. आम्ही तिघं नेहमीच्या टेबलावर : डेल्मर, मी आणि हॉलिस. हॉलिस नवा आहे, लुइझियानाचा, बोलायला लागला की थांबत नाही. त्या दिवशी तो संडासातून आला तोच सांगत, 'ऑर्लीनबाई, तुमच्या मिरच्यांनी माझा जीव घेतला!' ती म्हणाली, 'जीव घेतला तरी बिल द्यावं लागतं, बाळा.' सगळे हसले. मग मी गेलो.

आत कागदाच्या खोक्यावर पिस्तूल ठेवलेलं. काळं, आखूड, नुसतंच. विजार खाली करताना पट्टा ढिला होतो, म्हणून माणसं काढून बाजूला ठेवतात आणि विसरतात. आमच्यात यावरून चिकार विनोद चालतात. मला आधी हसूच आलं. मग दाराबाहेर लहान पोरीचा आवाज आला, 'मॉम, आत कोणीतरी आहे.' आवाजावरून हॅटीएवढी पोर रांगेत उभी. आता ते तिथे कसं ठेवू? उचललं. दुसऱ्या हाताने कडी काढली. आणि ते हातात घेऊन बाहेर आलो.

एवढंच केलं मी, ताई.

आधी त्या पोरीच्या आईने तिला मागे ओढलं. मग काटेचमच्यांचे आवाज बंद झाले. मी म्हणणार होतो, 'अरे, हे कोणाचं राहिलं?' तेवढ्यात डेल्मर उठला आणि त्याने पिस्तूल काढलं. माझ्यावर. माझ्या हातात एक, कमरेला पप्पांचं दुसरं. त्याला काय दिसलं असेल ते आता कळतं. तेव्हा फक्त त्याचे डोळे दिसले. त्यात मी नव्हतोच. पाना धरायला शिकवलेला वेस्ली कुठेच नव्हता.

खिडकीपाशी एक अनोळखी माणूस बसला होता, बायकोबरोबर, रविवारच्या चांगल्या सदऱ्यात. त्यानेही काढलं. पण डेल्मरवर. त्याच्या बाजूने बघ ना, आधी डेल्मरच उपसून उभा दिसला असणार. भिंतीकडून आणखी कोणाची तरी खुर्ची सरकली.

सगळेच भले लोक होते तिथे. रोज एकमेकांना मीठ देणारे. कमरेला असतं तोवर कोण कोणाचा ते माहीत असतं. हातात आलं की कोणीच कोणाला ओळखत नाही.

ऑर्लीन कॉफीची किटली घेऊन मधे आली. चालत आली, नेहमीसारखी पाय ओढत. मला म्हणाली, 'संडासात सापडलं का रे, राजा?' मी मान हलवली. ती वळली आणि ओरडली, 'कोणत्या गाढवाचं राहिलंय? कमरा चाचपा आपापल्या!'

हॉलिसने चाचपली. पांढरा पडला. 'आईशप्पथ, माझं आहे.'

मग काय, हशा. एवढा मोठा हशा मी त्या कॅफेत ऐकला नव्हता. डेल्मरने मला मिठी मारली. 'लेका, मी तुला संपवलाच होता!' म्हणाला, आणि तोच सगळ्यांत मोठ्याने हसला. ऑर्लीनने मला फुकट अॅपल पाय खाऊ घातली. मी सगळी खाल्ली. मग ट्रकमागे जाऊन सगळी ओकलो.

आता वसाहतीत ही गोष्ट रोज सांगतात. हॉलिसला 'ए संडास' म्हणतात. डेल्मर सांगताना हाताचं पिस्तूल करून माझ्याकडे रोखतो आणि डोळा मारतो. मीही हसतो. पण त्याच्याशेजारी पाइप धरताना माझा हात घसरतो, आणि तो विचारतो, 'काय रे, झोप झाली नाही का?' मी म्हणतो, 'घेवडा बाधला.'

पट्टा काढून पाहिला. बिनपट्ट्याचा दुकानात गेलो तर हात सारखा कमरेला. पडलेल्या दाताच्या खड्ड्यात जीभ जाते तसा. परत बांधला, तर समोरच्या प्रत्येकाच्या हाताकडे बघत बसलो. ब्रेडसुद्धा न घेता आलो. बांधून चैन नाही, काढून चैन नाही.

माझं डोकं ठिकाणावर आलंय असं समजून हुरळून जाऊ नकोस. पप्पांचा पट्टा मी विकणार नाही, नदीत टाकणार नाही. तुझी पाटी मला अजूनही पटलेली नाही. तिच्यातल्या कशाचा राग आला तेही मला इतके दिवस कळत नव्हतं. अक्षरांच्या उंचीचा नव्हता. ज्या भट्टीपाशी आपण दोघं पिठात लोळलो, तिथल्या दारावर तू मला बाहेरच्या गिऱ्हाइकांबरोबर, त्यांच्याच ओळीत, वाचायला लावलंस. डेल्मरने पिस्तूल रोखलं तेव्हा मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? तुझा तो पिठाचा हात. पाटीकडे केलेला.

कायद्यातली आणखी एक गोष्ट तेव्हा मी तुला मुद्दाम सांगितली नव्हती. पाटी चुकीची असली तरी मालकाने तोंडाने सांगितलं की पुरतं. मग शब्द कुठलेही असोत.

तर मी मेमध्ये येतो. मम्माला सांग, केक राखून ठेव. पट्टा बांधलेला असेल, कारण त्याच्याशिवाय एवढा रस्ता माझ्याने कापला जाणार नाही, खोटं कशाला बोलू. पण मी आत येणार नाही. दाराबाहेरून हाक मारीन. तू हात पिठाचे असतील तशीच बाहेर ये. पाटीकडे बोट करू नकोस. माझ्या तोंडाकडे बघ, मी कोण आहे ते नीट बघ, आणि नाव घेऊन सांग.

मी लगेच पट्टा काढीन.

हाक मारून उभा असलेला,
तुझा वेस