वाकळ जाळली तो हिवाळा

अव्वा,

मला लिहिता येतं हे तुला ठाऊक नव्हतं. लग्न होऊन हुलसूरला आले, मुलं शाळेत जायला लागली, तेव्हा त्यांच्या पाटीवरून मी एकेक अक्षर उचललं. तोवर तू गेली होतीस. आता माझं वय तुझ्या दुप्पट झालंय. यंदा थंडी फार आहे. पहाटे चार वाजता जाग येते, मग झोप लागत नाही, आणि गाव सोडून रानात राहायला गेलो होतो तो हिवाळा एकसारखा डोळ्यांपुढे येतो.

तू घरात येऊन वर्षही झालं नव्हतं. माय हा शब्द वारलेल्या आईचा, म्हणून अप्पांनी आम्हा दोघा भावंडांना सांगितलं, हिला अव्वा म्हणा. तू गुलबर्ग्याकडची, कानडी घरातली. तुझ्या माहेरी आईला अव्वाच म्हणत, म्हणून तुला तो शब्द आपला वाटला असेल. आम्हाला तो परका होता आणि परका होता म्हणूनच म्हणायला सोपा गेला. मी नऊ वर्षांची, भाऊ चारचा. तू स्वतः एकोणीस-वीसची असशील. हा हिशेब मी फार उशिरा केला.

त्या वर्षी दिवाळीनंतर गावात प्लेग आला, उंदीर मरून पडायला लागले. शेजारच्या आळीत दोन माणसं गेली आणि दवंडी फिरली. तालुक्याहून सरकारी माणूस आला होता, घोड्यावर बसूनच सांगत होता, "घर का बिस्तर, कपडा कुछ नक्को लाओ. सब घर में छोड दो." एका सकाळी अख्खं गाव घरांना कड्या लावून बाहेर पडलं. अंगावरचे कपडे, भांडी, ज्वारीचं पोतं आणि बैल. मंठाळच्या वाटेवर आपलं काळं रान होतं, तिथं अप्पांनी तुराट्यांची खोप उभी केली, वर कडबा घातला. दिवसा बरं वाटायचं. ऊन असायचं, पोरं जमायची, हुरडा भाजायचा. दिवस बुडाला की काळ्या मातीतून गारठा वर यायचा. तो मला अजून तळपायांना आठवतो.

खोपीत विस्तव न्यायचा नाही, हे तुझं पहिलं सांगणं. कडब्याचं घर, एका ठिणगीत गेलं असतं. तू खाली तुरीचं भुसकट गुडघाभर पसरलंस, त्यावर रिकामी पोती, अंगावर अप्पांचं एक घोंगडं. तेवढंच अंथरूण आणि तेवढंच पांघरूण. संध्याकाळी हुलग्याचं कढत माडगं पाजायचीस. करडईचं तेल कोमट करून आमच्या पायांना चोळायचीस, कानांवरून फडकं बांधायचीस. ओढ्यातली वाळू कढईत तापवून फडक्याच्या पुरचुंडीत बांधायचीस, आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचीस आणि मग आमच्या पायाशी ठेवायचीस. घोंगडं तोंडावर ओढलं की खाली करायचीस. "नाक उघडं ऱ्हाऊ दे. जीव कोंडतोय." रात्री कधी जाग आली तर तुझा हात मानेमागं असायचा. भावाचे हात गार पडलेत असं मी सांगितलं तर म्हणायचीस, "हात गार असले तरी चालतंय. मानंमागं ऊब पायजे. घाम आला तरी वाईट, मग त्योच घाम गार पडतोय." मला या सगळ्याचा राग यायचा. माझ्या मायनं असं काही केल्याचं मला आठवत नव्हतं. ती फक्त कुशीत घ्यायची.

मायची एक वाकळ होती. तिच्या जुन्या लुगड्यांची, कडेला हिरवा काठ. माय गेल्यापासून मी तीच पांघरायचे. ती घरात राहिली होती. मी अप्पांच्या मागे लागले. रोज. काकडत नसले तरी काकडल्यासारखं करायचे. भाऊ खरोखरच काकडायचा, म्हणून मी त्यालाही पुढं करायचे. एके दिवशी अप्पा न सांगता गावाकडं गेले आणि संध्याकाळी डोक्यावर गाठोडं घेऊन आले.

तू चुलीपाशी होतीस. उठलीस आणि त्यांना बांधावरच थांबवलंस.

"कामून आणलाव?"

"लेकरं काकडायलेत. बघवंना झालंय."

"तिथंच ठिवा. खाली ठिवा. लेकरांना हात लावू नका."

अप्पांनी गाठोडं ठेवलं. मी धावले, तर तू माझा दंड असा धरलास की दोन दिवस वळ होता. मग तू एक लांब काठी घेतलीस, गाठोडं काठीनं ढकलत शेकोटीत नेलंस आणि वर तुराट्या टाकल्यास. हिरवा काठ पेटताना मी पाहिला. मी तुझ्या हाताला चावले. तू हात सोडवून घेतला नाहीस. मी ओरडून म्हटलं, "तू माझी माय न्हाईस."

"न्हाई," तू म्हणालीस. "म्हणून तर मला जास्त बघावं लागतंय."

अप्पांना तू त्या थंडीत उघड्यावर आंघोळ करायला लावलीस, त्यांचं धोतरसुद्धा जाळलंस आणि आठ दिवस त्यांना खोपीत येऊ दिलं नाहीस. ते गाडीखाली कडब्यात निजायचे. तू लांबून भाकरी ठेवायचीस. त्यांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. आणि मी हट्ट केला म्हणून ते गेले होते, हेही त्यांनी तुला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी भावाला ताप भरला. त्या दिवसांत ताप म्हटला की माणसं एकमेकांकडं बघायची सुद्धा नाहीत. तू तेवढ्यापुरता कंदील आत घेतलास, खोपीचं तट्ट्याचं दार लावलंस, त्याची बंडी काढलीस आणि काखा, मान, जांघा बोटांनी चाचपल्यास. गाठ नव्हती. तू पुन्हा पहिल्यापासून बघितलंस. मग मला म्हणालीस, "कुणाला सांगू नको. खोकला झालाय म्हण." ते खोटंही नव्हतं. त्याची छाती घुरघुरत होती.

त्यानंतरच्या तीन रात्री तू आडवी झाली नाहीस. ज्वारीच्या पोत्याला टेकून बसलीस, भावाला पोटाशी घेतलंस आणि अंगावरचं लुगडं त्याच्या भोवती गुंडाळलंस. पाठीवर तुझ्या फक्त चोळी होती. घोंगडं तू माझ्याकडं टाकलंस. मी कोपऱ्यात तोंड फिरवून पडले. पहिली रात्र तशीच काढली. दुसऱ्या रात्री दव इतकं पडलं की खोपीच्या आतून कडबा ओला लागत होता. माझे दात वाजायला लागले. मी आवाज येऊ नये म्हणून घोंगड्याचं टोक चावलं.

"बा," तू म्हणालीस. तुझ्या कानडीत 'ये'. घाईत किंवा भीतीत असलीस की तुला मराठी सुचायचं नाही.

मी गेले नाही.

"बा गं. मला पाठीला गार लागायलंय. माझ्यासाठी ये."

मग मी घोंगडं घेऊन आले आणि तुझ्या पाठीला पाठ लावून बसले. तू खरंच गार पडली होतीस, दगडासारखी. हळूहळू आपण दोघी गरम झालो. मधून मधून तुझा हात मागे यायचा, माझ्या मानेपर्यंत पोचायचा नाही, दंडालाच लागून परत जायचा. चौथ्या दिवशी भावाला घाम सुटला, ताप उतरला आणि त्यानं भाकरी मागितली. तू बाहेर जाऊन बांधाच्या आड बसलीस. मी पाणी आणायला गेले तेव्हा तू पदर तोंडात कोंबून रडत होतीस. मी बघितलंय हे तुला कळू न देता मी माघारी वळले.

शिमग्याच्या सुमाराला आपण गावात परतलो. शेजारच्या खोपीतल्यांनी पहिल्याच आठवड्यात घरातून सगळी अंथरुणं आणली होती. त्यांना काहीही झालं नाही. हे मी तुला किती वेळा सुनावलं असेल. काही बिनसलं की मी म्हणायचे, त्यांच्या वाकळा राहिल्या, माझ्या मायची तेवढी गेली. तू कधी उलटून बोलली नाहीस. माझं लग्न ठरलं तेव्हा तू रात्रंदिवस बसून एक नवी वाकळ शिवलीस आणि रुखवतात ठेवलीस. मी ती सासरी नेली आणि धान्याच्या कणगीवर टाकली. वर्षभरात तिला उंदरांनी कुरतडलं.

माझ्या थोरल्याच्या वेळी तू बाळंतपणाला आलीस. पौष होता. तू सव्वा महिना राहिलीस आणि बाळाची अंघोळ, शेक, सगळं तूच केलंस. जाताना उंबऱ्यात थांबलीस, काहीतरी बोलायचं होतं, पण गाडीवाला घाई करत होता. पुढच्याच्या पुढच्या वर्षी तू गेलीस. निरोप पोचला तेव्हा तिसरा दिवस झाला होता.

अप्पा त्यानंतर बरीच वर्षं होते. शेवटी शेवटी माझ्याकडेच राहत. एकदा असंच थंडीचं बोलणं निघालं आणि ते सहज म्हणाले, "त्या गाठोड्यात तिची कौदी बी होती की. तिच्या अव्वानं लग्नात दिलेली वाकळ. मी दोन्ही आणल्या होत्या." मी विचारलं, तिला ठाऊक होतं? ते म्हणाले, "तिनं बघितलं की. वरच होती." तुझी अव्वा तुझ्या लग्नानंतर चारच महिन्यांनी वारली होती, तेही मला त्यांच्याकडूनच कळलं. मला फक्त हिरवा काठ दिसला होता. तुझं त्या आगीत काही असेल असं मला वाटलंच नाही, आणि तू इतकी वर्षं माझं ऐकून घेताना एकदाही ते सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी गप्प बसले असते का, तेही मला खात्रीनं म्हणता येत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. नातवाच्या जुन्या वहीत लिहितेय, वही पेटीच्या तळाशी जाईल.

एक गोष्ट मात्र लिहून टाकते. तू सावत्र होतीस हे मी माझ्या मुलांना कधी सांगितलं नाही. त्यांना वाटतं, तूच माझी जन्माची आई. तुझा मान राहावा म्हणून मी असं केलं, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. सावत्र म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग ती तुम्हाला कशी वागवायची. आणि ते सांगायला बसले असते, तर मी तुला कसं वागवलं हेही सांगावं लागलं असतं.