भाषणाचा शेवट

तिसगाव,
ता. ७ ऑगस्ट १९७३

चिरंजीव पुष्पा हिस आप्पांचा आशीर्वाद.

इकडे मी बरा आहे, गुडघा तेवढा दुखतो. तुझा खोकला गेला का? मागच्या पत्रात त्याबद्दल काहीच नव्हतं, म्हणून घोर लागला. नगरला पाऊस असेल तर डोक्यावरून काही घेत जा. यंदा बाजरी चांगली उगवली आहे. गेल्या साली तिथे नुसती माती होती, त्यामुळे हिरवं दिसलं तरी भरवसा वाटत नाही.

तुझं पंधरा ऑगस्टचं भाषण मिळालं. गोरक्ष गुरुजींकडून दोनदा वाचून घेतलं. पुढाऱ्यांच्या मातांबद्दल छान लिहिलंस. गांधीजींची आई चातुर्मासात सूर्य दिसल्याशिवाय जेवायची नाही, पोरं आभाळाकडे बघत उभी राहायची, हे ऐकताना तुझी आई आठवली. दुष्काळी कामावर खडी फोडून आली की म्हणायची, आज उपास आहे. भाकरी माझ्या ताटात. तिचे उपास फार वाढले होते. कोणत्या देवाचे, हे मी कधी विचारलं नाही.

शेवटी तू लिहिलंस, 'थोरांना त्यांच्या आईने घडवलं, मला माझ्या आजोबांनी. त्यांनी स्वतः माझी ट्रंक एस.टी.च्या टपावर चढवली.' गुरुजींचे डोळे भरून आले. मी खाली बघत बसलो. एरवी पत्र त्यांच्याकडून लिहून घेतो, हे मीच लिहितोय. तिसरीतलं अक्षर आहे, लावून वाच.

पुष्पा, त्या दिवशी मी तुला परत न्यायला आलो होतो.

तुझा बाप गेल्यावर तुला वसतिगृहात ठेवायचं तुझ्या आईने ठरवलं. मी नको म्हणालो. तुझं लग्न उरकायचं माझ्या मनात होतं. आजोबांची झोपमोड नको, असं तुला सांगून ती पहाटेच तुला घेऊन निघाली. मी मागून स्टँडवर पोचलो. ट्रंकेला हात घातला, तेवढ्यात गुरुजी मोठ्याने म्हणाले, "बघा, आप्पा स्वतः नातीला पोचवायला आले." चार माणसं बघायला लागली. मग काय, ट्रंक वर चढवली.

तुझ्या आईला सगळं कळलं होतं. उन्हाळ्यात ती तापाने पडली तेव्हा मी विचारलं, पोरीला खरं का सांगितलं नाहीस?

"सुट्टीत तिला ह्याच घरी यायचंय, मामंजी. मनात राग धरून कशाला यावं तिनं?"

चौथ्या दिवशी ती गेली. तेव्हापासून तुला सांगायचं म्हणतो, आणि पावसापाण्याचंच कळवत बसतो. आता मला तुझ्याशिवाय कोण आहे?

ते ट्रंकेचं वाक्य काढ. 'आजोबांनी'च्या जागी तुझ्या आईचं, राहीबाई हे नाव घाल आणि मोठ्याने म्हण. गुरुजी ऐकायला येणार आहेत, त्यांनाही कळू दे.

गणपतीत यायचं की नाही ते तू ठरव. घर तुझ्या आईने तुझ्यासाठी राखलं आहे, माझ्याकडे बघून येऊ नकोस.

तुझी ट्रंक परत न्यायला आलेला,
तुझा आप्पा