धोतऱ्याच्या भावकीतलं औषध

३ फेब्रुवारी, सोमवार

आणि वर मलाच म्हणतात, गुण न्हाय! दिवाळीपासून रोज सकाळी एक कॅप्सूल, मोठ्या डॉक्टरनं लिहून दिलेली. तरी आमच्या वडलांना, आण्णांना, त्या बयाबाईचाच धूर पाहिजे! जेवणाच्या सुट्टीत घरी फोन केला तर आई हळू आवाजात सांगते — "परड्यात बसल्यात, विडी वडत." दम्याचा माणूस आणि विडी! तंबाखूची नव्हे म्हणे, धोतऱ्याच्या पानाची. बयाबाई म्हणजे गावात झाडपाल्याचं औषध देणारी म्हातारी, पानं वाळवून पुडी देते. तिच्या आजेसासऱ्यापासून चालत आलंय.

"आण्णा, मरायचं हाय काय?"

"तू गप. धूर वडला की छाती मोकळी हुतीया. तुझ्या कॅप्सूलनं नुसतं ढेकर येत्यात."

फोन मीच ठेवला. रागानं.

५ फेब्रुवारी, बुधवार

मालक आज बोलले — "नजर मुशीत ठेव, गावाकडं मुरगूडला नको!" बरोबर आहे त्यांचं. सोनं गाळायचं दुकान, तिथं चित्त ठिकाणावर नको? मालक मूळचे विट्याचे, तीस वर्षं इथं तमिळनाडूत त्रिचीत आहेत. ॲसिडचा धूर घशात बसला की मलाही खोकला येतो आणि आण्णाच आठवतात. उकिडवे बसलेले, गुडघ्यांवर हात, मान पुढं. श्वास आत घेताना शिट्टी वाजते छातीत.

आठवीत शाळा सोडली नसती तर इतक्या लांब आलो नसतो. जाऊ दे.

९ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. आईला खोदून खोदून विचारलं, कॅप्सूल चुकवतात काय?

"एक दिस न्हाई. मी पुढ्यात हुबी ऱ्हाते. तांब्याभर पाणी पिऊन गिळत्यात, तीर्थ घेतल्यागत."

मग गुण का नाही? औषधच बनावट निघालं काय?

आई आणखी म्हणाली, तोंडाला सारखी कोरड. पेपर वाचायला बसले तर अक्षरं पुसट. "आणि डोळ्याच्या बाहुल्या बघ, ह्या एवढ्या! अंधारातल्या मांजरागत." मी म्हणालो, चष्म्याचा नंबर वाढला असेल. बोललो खरं, पण माझं मलाच पटलं नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी अकराला अनुजाचा फोन. ती कोल्हापुरात दिलेली, माझी धाकटी बहीण. रडतच होती. काल आण्णांना धाप लागली, एका विडीच्या जागी चार ओढल्या. आज पहाटेपासून बडबड. पांघरुणाचे नसलेले दोरे उपसतात. आईला आक्का म्हणतात. दहा वर्षांपूर्वी विकलेला बैल दारात आलाय, पाणी दाखवा म्हणतात! गाडी करून कोल्हापूरला दवाखान्यात नेलं.

मालकांना सुट्टी मागितली. सोमवारपर्यंत माल द्यायचाय म्हणाले.

देवा जोतिबा!

१५ फेब्रुवारी, शनिवार

आण्णा शुद्धीवर आलेत. अनुजाला ओळखलं.

डॉक्टर तिला म्हणाले — धोतऱ्यानं श्वासाच्या नळ्या रुंदावतात, यात खोटं काही नाही. एके काळी औषधाच्या दुकानात त्याच्या सिगारेटी मिळायच्या. पण त्याला माप नसतं. नळ्यांबरोबर डोळ्याच्या बाहुल्या रुंदावतात, काळीज धावतं, डोकं फिरतं. मग तिनं कॅप्सूलची पट्टी दाखवली. डॉक्टर बघतच राहिले. "अहो, हे धोतऱ्याच्याच भावकीतलं औषध, फक्त मापात बांधलेलं. हे असताना विडी कशाला? मशीन बघू."

"कसलं मशीन?"

हे सगळं सांगून अनुजानं मला विचारलं, "दादा, ती कॅप्सूल गिळायची न्हाईच म्हणं! मशीनमदी घालायची आणि तिच्यातली पावडर छातीत वडून घ्यायची. दुकानदारानं तुला मशीन दिलं न्हवतं व्हय?"

मी म्हणालो — न्हाई.

१६ फेब्रुवारी, रविवार

दिलं होतं की.

दिवाळीत आण्णांना मीच कोल्हापूरला दाखवायला नेलं. डॉक्टर वापरायचं समजावत होते आणि मी मालकांच्या फोनवर, दाराबाहेर. मग औषधाच्या दुकानात गेलतो. दुकानदारानं पिपाणीसारखं प्लास्टिकचं काहीतरी पुढं केलं — "पावणं, हे बी घ्या, ह्येच्याबिगर उपेग न्हाई."

मी म्हणालो, "दिवाळीचं लुटाय बसलाय व्हय?" चार माणसं हसली. मला बरं वाटलं! वस्तू त्याच्याकडं परत सरकवली. पट्टीवर सगळं इंग्रजीत. घरी येऊन मोठ्या ऐटीत आण्णांना सांगितलं — रोज सकाळी एक, पाण्याबरोबर.

मीच सांगितलं.

साडेतीन महिने त्यांनी माझं ऐकलं. एक दिवस चुकवलं नाही. आणि मी त्यांना हट्टी म्हणत होतो.

आता सगळे बयाबाईवर तुटून पडलेत. अनुजा तिच्या दारात जाऊन तोंडाला येईल ते बोलून आली. म्हातारी म्हणे उंबऱ्यात बसून रडली. मी ऐकून घेतलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

माल दिला आणि आईला फोन लावला. आण्णांना द्यायला लावला.

"आण्णा, मशीन दिलं हुतं दुकानदारानं. मीच घेतलं न्हाई."

पलीकडं नुसती शिट्टी. श्वासाची. मग म्हणाले, "म्हंजे इतकं दिस मी पोटाचा दमा बरा करत हुतो म्हण की!" आणि हसले. हसताना ढास लागली, आईनं पाठ चोळल्याचा आवाज आला.

ढास थांबल्यावर म्हणाले, "बयाबाईला तुझ्या तोंडानं सांग. अनुजाकडनं नगं."

"व्हय."

"आणि कितीचं हुतं रं त्ये मशीन?"

सांगवलं नाही. आवाज येत नाही म्हणालो, फोन ठेवला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

बयाबाईशी बोललो. ती म्हणाली, "तुझा बा श्वास घेतुया न्हवं? मग झालं."

आत्ताच अनुजाला मशीनचे पैसे पाठवले. दोनशे तीस रुपये.