नकाशाखालची सूचना

प्रिय धाकट्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आठ महिने झाले, आता तरी रुसवा पुरे कर! आई ठीक आहे, तुझ्या खोलीत ती आता कपडे वाळत घालते, आणि तुझा तो नकाशा माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतोय.

रुग्णवाहिका पाठवणाऱ्या खोलीतला आपला स्क्रीन आठवतो ना? त्यातली बटणं, याद्या, सूचना सगळ्या हलक्या. म्हणजे आपलाच प्रोग्राम त्या एका खिडकीत त्या रंगवतो. नकाशा तेवढा जड. तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून स्वतःची वेगळी खिडकी घेऊन ठाण मांडून बसतो. आणि जड ते कायम वर! हलक्या सूचनेला कितीही सांगा वर ये म्हणून, ती बापडी खालीच उघडणार. मागच्या मंगळवारी ‘पत्ता बदलला’ ही सूचना अशीच नकाशाखाली उघडली. गाडी जुन्या पत्त्यावर गेली, वीस मिनिटं वाया गेली. पेशंट आजोबा वाचले, नशीब त्यांचं.

पण गदा आली ऑपरेटरबाईंवर. अकरा वर्षं नोकरी केलेली बाई, रडकुंडीला येऊन सांगतेय की सूचना दिसलीच नाही. आणि आपल्या प्रोग्रामची नोंद खुशाल म्हणते, सूचना दाखवली. झालं, बाई खोटारडी ठरली! गुरुवारी चौकशी आहे, त्यात त्यांना काढणार. मी चौकशीच्या साहेबांना प्रत्यक्ष करून दाखवलं, नकाशा बंद केला की सूचना दिसते. तर म्हणे, आजचं सोडा, त्या दिवशीही असंच होतं कशावरून? लेखी काय आहे? भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. मीच जबाबदार आहे म्हटलं, तर बाईंची कीव येऊन मी अंगावर घेतेय असा त्यांचा समज.

आता खरं ते लिहिते. नकाशा तू बसवलास, पण तसाच ठेवायचा हट्ट माझा होता. हलका नकाशा लिहायला तू तीन आठवडे मागितलेस. मी दिले तर नाहीतच, वर सगळ्यांसमोर तुला कामचुकार म्हणाले. त्याच संध्याकाळी तू मला मेल केलास, सूचना नकाशाखाली जाते म्हणून, चित्रासकट. मी तो वाचला, आणि पुसून टाकला. तुझ्याकडे प्रत असेलच. बुधवारपर्यंत ती थेट चौकशी समितीला पाठव. माझ्याकडे पाठवू नकोस. ऐनवेळी मी काय करीन, याची मला खात्री नाही.

तुझीच,
ताई