प्रत्येक पानाला दोन खटके

नाना, पानं सगळी परत जागेवर बसवली. तुम्ही जिच्यासाठी वाचायचात तिच्या हातात काल शेवटची सीडी दिली. तुम्ही गेलात त्याला आता दहा वर्षं होतील. या दहा वर्षांत मी तुम्हाला उद्देशून एक अक्षर लिहिलं नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्ही होतात तेव्हाही आपण कामापुरतंच बोलायचो. आज लिहायला बसले, कारण जे झालं ते आईला सांगून झालं, नवऱ्याला सांगून झालं, तरी मन काही हलकं होईना. ज्याला सांगायला हवं तो माणूस राहूनच गेलाय.

रविवारी जेवणं आटोपली की तुम्ही स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचात. सातपूरचं आपलं घर, पुढची खोली रस्त्यावर, मागची शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारीला लागून, म्हणून मधलं स्वयंपाकघर त्यातल्या त्यात शांत. ओट्यावर टेपरेकॉर्डर, त्याच्याखाली घडी घातलेला टॉवेल, पुढ्यात मराठी व्याकरणाचं जाडजूड पुस्तक. पाटबंधारे खात्यातले कारकून तुम्ही, आठवडाभर फायली उपसणारे. पण ते लाल बटण दाबलं की आवाज असा काही लागायचा की आई शेजारणींना सांगायची, आमच्याकडे रविवारी रेडिओ स्टेशन असतं. आणि हे सगळं एका मुलीसाठी. दिंडोरीकडची, जन्मापासून डोळ्यांनी अधू, इथे वसतिगृहात राहून शिकणारी, वयाने माझ्याएवढीच. वसतिगृहातलं कुणीतरी तुमच्या ऑफिसात विचारायला आलं होतं, पुस्तक वाचून कॅसेटवर भरून देणारं कोणी मिळेल का. अख्ख्या ऑफिसात हात वर केलात तो तुम्ही एकट्याने.

पहिल्या तीन कॅसेट भरताना तुम्ही आम्हाला काय छळलंत, नाना! भरलेलं परत लावून ऐकलं की मध्येच कुठेतरी टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. तुम्ही कान टेपला लावून बसायचात. फ्रीज बंद पडताना टक करतो हे तुम्हीच शोधून काढलंत, म्हणून रविवारी दोन ते चार फ्रीज बंद, मग दूध नासलं तरी चालेल. नंतर ट्यूबलाइटचा नंबर लागला. तुम्ही खिडकीच्या उजेडात वाचायला लागलात. भिंतीवरचं घड्याळ काढून बाहेरच्या पलंगावर गोधडीत गुंडाळून ठेवलंत. आईच्या काचेच्या बांगड्यांवर बोट ठेवलंत तेव्हा ती म्हणाली, त्या काही मी उतरवायची नाही, आणि तिने स्वतःच बाहेर जाऊन बसायला सुरुवात केली. तरी शब्दांच्या मध्ये एक बारीक, ओलसर आवाज राहिलाच. तो तुमच्याच तोंडातून येतोय हे कळायला दोन रविवार गेले. दुधाच्या चहाने जीभ टाळूला चिकटते असं तुमचं निदान झालं, आणि चहाशिवाय ज्यांचं डोकं चालत नाही अशा तुम्ही रविवारचा दुपारचा चहा सोडलात. कोमट पाण्याचा तांब्या घेऊन बसायचात, पान संपलं की एक घोट.

चौथ्या कॅसेटच्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात बसले होते. चौऱ्याण्णवचा जानेवारी, नाशिकची थंडी, बारावीची परीक्षा तोंडावर आलेली, आणि घरात ऊन यायचं ते तेवढ्याच जागी. हातात मामाने दहावी पास झाल्यावर दिलेलं स्टीलचं, खटका दाबायचं पेन. तुम्ही वाचताय, मी पुस्तक मांडीवर घेऊन बसलेय आणि पेन वाजतंय. टिक टिक. टिक टिक. तुम्ही वाक्य अर्धं सोडता. टेप बंद होतो. मला वाटलं आता आवाज चढणार, पण तुम्ही नुसता हात पुढे केलात आणि मी पेन तुमच्या तळव्यावर ठेवलं.

“खेळ नाही हा,” तुम्ही म्हणालात. “कुणाच्या तरी डोळ्यांचं काम चाललंय इथे. तुला दिसतंय ना? मग बाहेर बसून वाच.”

उठले ती मी पुन्हा रविवारी दुपारी त्या खोलीत पाय ठेवला नाही. मैत्रिणीकडे अभ्यासाला जायला लागले. पेन तुम्ही परत दिलं नाहीत, मी मागितलं नाही; हट्टीपणात आपण बापलेक कुणाला हार जाणारे नव्हतो. दोन वर्षांनी माझं लग्न झालं, आणखी दोन वर्षांनी तुम्ही ऑफिसातून आलात ते छातीत दुखतंय म्हणून आडवे झालात आणि उठलाच नाहीत. तुम्ही तिला पुस्तक पूर्ण वाचून दिलंत, एकूण वीस कॅसेट झाल्या, एवढं आईकडून कानावर आलं होतं. मला त्या वीस कॅसेटींचा राग होता. तुमच्या आवाजातला मोठा वाटा तिच्याकडे गेला आणि माझ्या वाट्याला तेवढं एक वाक्य आलं, असं मी वर्षानुवर्षं धरून बसले होते.

गेल्या उन्हाळ्यात तिचा फोन आला. ती आता अंध मुलांच्या शाळेत शिकवते. व्याकरण काही दरवर्षी बदलत नाही, त्यामुळे तुमच्या कॅसेट तिच्या मुलांच्या अजून कामी येत होत्या, पण झिजल्या होत्या, काहींना बुरशी धरली होती. तुमच्याकडे कम्प्युटर आहे ना, काकांचा आवाज सीडीवर उतरवून द्याल का, तिने विचारलं. मी हो म्हटलं, तिने कॅसेट पाठवून दिल्या. आईकडून तुमचा टेपरेकॉर्डर आणला. त्याच्या रेक्झिनच्या कव्हरात माझं पेन होतं. ढिली पट्टी गुंडाळायला आपण कॅसेटच्या दातेरी चाकात पेन्सिल नाहीतर पेन घालायचो, तेवढ्यासाठीच तुम्ही ते ठेवलं असणार असं मी धरून चालले, आणि जरा वाईटही वाटलं.

मग माझा छळ सुरू झाला, त्याला हसायला तुम्ही हवे होतात. वायर जोडली तर नुसती खरखर आणि टकटक. पिन सैल होती. पिन बदलली तर थोड्या थोड्या वेळाने वेगळीच टरटर. शेजारी मोबाईल ठेवला होता. तो लांब नेला, पंखा बंद केला, तेव्हा कुठे तुमचा आवाज स्वच्छ आला आणि मी हात थांबवून नुसती ऐकत राहिले. त्यानंतर तुमच्या आवाजातले खटके दिसायला लागले. दिसायला म्हणजे खरंच दिसायला, कम्प्युटरवर आवाजाची रेघ उमटते त्यात खटका उभ्या काडीसारखा वर येतो. चौथ्या कॅसेटमध्ये माझं पेन होतं. एकामागून एक काड्या, मग तुटलेलं वाक्य. तुम्ही चुकलेलं पान नेहमी पुसून पुन्हा भरायचात, ते मात्र तसंच ठेवलं होतंत. सगळ्यात आधी मी ते पुसलं.

पाचव्या कॅसेटपासून दुसराच प्रकार सुरू झाला. दर दोन-तीन मिनिटांनी, वाक्य संपल्यावर, जोडीने दोन खटके. फ्रीज असा वाजत नाही, तोंडाचा आवाज असा नसतो. मी ठरवून टाकलं की घोटभर पाणी प्यायला तुम्ही टेप थांबवत असणार, तेच बटण वाजतंय. प्रोग्रामला आपोआप साफ कर म्हटलं तर त्याने तुमच्या शब्दांतले ट आणि क देखील खाऊन टाकले. तेव्हा मी हातानेच एकेक खटका शोधून काढायला लागले. सहाशेच्या वर असतील. अख्खा पावसाळा, ऑफिसातून आल्यावर रोज तासभर. ज्या माणसाला एक टक सहन होत नव्हती त्याचा आवाज मी एकाही टकेशिवाय करून देतेय, एवढं एकच मनात होतं. माफी मागायची माझी तीच पद्धत होती, दुसरी येत नव्हती. दसऱ्याच्या साफसफाईत बुरसटलेल्या कॅसेट टाकून दिल्या आणि कम्प्युटरवरच्या मूळ प्रतीही जागा होईना म्हणून पुसल्या.

सीड्या दिल्यावर आठ दिवसांनी ती रिक्षा करून घरी आली. खुर्चीत बसली, काठी मांडीवर आडवी घेतली, पाणी प्यायली. बोलावं की नको असं तिचं चाललं होतं. शेवटी म्हणाली, “ताई, काकांचा आवाज लय साफ केला तुम्ही. पण पानं कुठं गेली?”

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. कॅसेट पुढे पळवताना बोलणं सगळं चिवचिवतं, एक शब्द लागत नाही. चौथ्या कॅसेटमध्ये एका जागी मात्र टिकटिक होती, ती पळवतानाही कानाला कळायची, आणि त्या खुणेवरून तिला समासाचं प्रकरण बरोबर सापडायचं. पुढच्या वेळी तुम्ही कॅसेट द्यायला गेलात तेव्हा त्या आवाजाबद्दल माफी मागायला लागलात. ती म्हणाली, काका, माफी कसली, तसाच आवाज प्रत्येक पान संपल्यावर द्या, म्हणजे मला मोजता येईल. अनुक्रमणिकेत पान नंबर ऐकायचा, कॅसेटच्या सुरुवातीला तुम्ही कुठलं पान ते सांगितलेलं असायचं, तिथून पुढे खटके मोजत जायचं. सगळ्या मुलांना तिने तसंच शिकवलं होतं. आता परीक्षा फेब्रुवारीत, आणि मुलांना एकही पान सापडत नव्हतं.

“काका म्हणाले होते, पेन मुलीचं आहे, तिच्याकडून मागून घेतलंय,” ती म्हणाली. “म्हणून मला वाटलं, तुम्हाला माहीत असणार.”

मागून घेतलंय! नाना, धडधडीत खोटं बोललात तुम्ही तिच्याशी. ती गेल्यावर मी तशीच सातपूरला गेले आणि आईला विचारलं, तुला ठाऊक होतं का. आई भाजी निवडत होती. म्हणाली, “पेनाचं ना? मला वाटलं, त्यांनी तुला सांगितलं असेल.” तुम्ही सांगितलं नाहीत. घरातल्या ज्या पोरीला बाहेर काढलंत तिचाच आवाज तुम्ही पंधरा-सोळा कॅसेट मुद्दाम वाजवत बसलात, आणि मी शेजारच्या गल्लीत मैत्रिणीकडे डोकं खुपसून बसलेली. एकदा हाक मारायची होती. मला राग आला, मग रडू आलं, मग आईने चहा केला.

आईच्या कपाटात तुमचं पुस्तक होतं. जिथे कॅसेट संपली तिथे तुम्ही पेन्सिलने नंबर घातलेला. सीडीचा दुकानदार म्हणाला, आता प्रत्येक पान वेगळं करून देता येतं, खटके कशाला? तिला विचारलं तर ती म्हणाली, मुलांच्या बोटांना सवय आहे, काकांसारखंच द्या. दिवाळीच्या सुट्टीत कम्प्युटर उचलून आपल्या स्वयंपाकघरात आणला. दोन वाजता फ्रीज बंद केला, माइक जोडला, साफ केलेली सीडी लावली. आई न सांगता बाहेर जाऊन बसली. तुम्ही वाचताय, मी बोट ओळीवरून फिरवतेय, पान संपतं, मी पेन दाबते, सोडते. सुरुवातीला माझा खटका फुसका यायचा. पेन हवेत धरून चालत नाही, ओट्याच्या काळ्या फरशीवर टेकवून दाबलं की तसाच कोरडा, टणक वाजतो. तुम्हालाही हे शोधावं लागलं असेल. दिवाळी संपली, पुढचे रविवार गेले, संक्रांत गेली. त्या स्वयंपाकघरात इतक्या दुपारी मी तुमच्याबरोबर कधीच बसले नव्हते.

काल तिने सीडी लावली, पळवली, ओठ हलवत मोजलं आणि थांबवली. बरोबर समास. चौथ्या कॅसेटमधली ती लागोपाठची टिकटिकही मी आठवेल तशी परत घातलीय. तिने जाताना दिंडोरीची द्राक्षं दिली, ती आईकडे पोचवली. हा कागद तुमच्या पुस्तकात, समासाच्या त्याच पानात ठेवणार आहे.

आता राहिलं एक. त्या दिवशी बाहेर आल्यावर आईने मला विचारलं होतं, कशाला वाजवत होतीस गं पेन? मी म्हटलं, लक्ष नव्हतं, चुकून वाजलं. आईने ते तुम्हाला सांगितलं असणार आणि तुम्हाला खरंही वाटलं असणार, तुम्ही ते पान तसंच ठेवलंत म्हणजे तुमच्या मनाला लागलंच असेल. तर नाना, ते चुकून वाजलं नव्हतं. मी मुद्दाम वाजवत होते. मला तिथे बसून तास झाला होता, आणि तुम्ही एकदाही मान वर करून माझ्याकडे बघितलं नव्हतं.