दिवसाची मच्छरदाणी

आई, तुमच्या पलंगावर आज भरदुपारी मच्छरदाणी लावली आहे आणि आत तुमचा मुलगा डेंग्यूच्या तापाने कण्हतो आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "दिवसाढवळ्या ही कसली थेरं?" सून म्हणून या घरात आले आणि पहिल्याच आठवड्यात तुमची बोलणी खाल्ली ती पायरीजवळच्या दगडी डोणीवरून. मी ती उपसून कोरडी केली होती. "पाव्हण्यानं पाय कशानं धुवायचं? दारात पाणी नाय ते घर कसलं?" तेव्हापासून, तुम्ही गेल्यावरही, डोणी कधी आटू दिली नाही. रोज सकाळी वरून कळशीभर पाणी ओतायचं, जुनं काढायचं नाही. वाडीत राहायला येणारे पर्यटक तिचे फोटो काढतात, तेव्हा माझीच कॉलर ताठ होते.

काल नर्स आली. मोबाईलचा उजेड डोणीत टाकून तिने मला बोलावलं. पाण्यात बारीक वळवळ होती. "काकी, पाणी काढून भागत न्हाय. अंडी कडेला चिकटून ऱ्हातात, सुकली तरी मरत न्हाईत. घासून काढा." मला संताप आला, तिचा नाही, तुमचा. मग ती म्हणाली, "काकांना दिवसा मच्छरदाणीत ठेवा. हा डास दिवसाच चावतो. त्यांचं रक्त प्याला की रोग त्याच्या अंगात वाढतो, मग तो ज्याला चावेल त्याला देतो." बोलताना ती तुमच्या नातीकडे बघत होती. नात उरणहून पहिल्या बाळंतपणाला आली आहे, नववा लागलाय. सासरी जा म्हटलं तर म्हणते, "बाबांना असं टाकून मी न्हाय जायची." आणि बाबांना चावलेला डास तिला आधीच चावला असेल तर जाऊनही काय उपयोग?

नारळाच्या सोडणाने मी डोणी घासली, बोटं सोलली, तोंडाने तुमच्या नावाने बडबडत होते. तुम्हाला तरी कुठे ठाऊक होतं, हे कळत होतं. पण भीती कुणावर तरी काढायलाच हवी होती.

मघाशी तुमची नात आतून म्हणाली, "आई, अंग जरा गरम लागतंय गं." मी म्हटलं, "उकाडा हाय, पंख्याखाली बस." आणि इथे ओटीवर येऊन तुम्हाला लिहीत बसले. हे कुठल्या पत्त्यावर पाठवणार? पण तुम्हाला खरं सांगते, उकाडा नाही. वारा सुटलाय, पोफळी हलताहेत. थर्मामीटर माझ्या मुठीत आहे आणि तिच्याकडे जायला माझा पाय उचलत नाही.