रविवारी आईंना न्यायला येशील तेव्हा

प्रिय हेतल,

पत्र बघून घाबरू नकोस. कोणी गेलेलं नाही, कोणी पडलेलं नाही आणि तुझ्या दादाने नवीन काही उद्योग केलेले नाहीत, जुनेच पुरेत. फोन सोडून वहिनीला एकदम पत्राची हौस कुठून आली, असं तुला वाटेल. तर बाई, आपल्या बोईसरच्या घरात फोनवर खाजगी बोलायची सोयच उरलेली नाही. मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी हॉलमधून आईंचा आवाज येतो, 'कोन गं? हेतल काय? तिला सांग, सर्दीवर ओवा घे.' मेसेज करावा तर माझी लेक रिद्धी माझा मोबाइल माझ्याआधी वाचते आणि वर आजीला मोठ्याने वाचून दाखवते. आज तिच्याच दाखल्यासाठी पालघरच्या कचेरीत आले आहे. साहेब जेवायला गेलेत, ते जेवण पचवूनच उठणार असं दिसतंय. बाकावर पंखा आहे, पर्समध्ये कोरे कागद आहेत, म्हटलं लिहूनच टाकू.

तू येत्या रविवारी आईंना नाशिकला न्यायला येणार. कायमच्या. आईंनी स्वतः तुला फोन केला, 'मला ने, तुझ्याकडची हवा बरी,' आणि तू एका पायावर तयार झालीस. मला म्हणालीस, वहिनी, तुलाही जरा मोकळं वाटेल. तुझं मन चांगलं आहे गं. पण सातपाटीच्या मासळीवालीची लेक तू, माल घेण्याआधी कल्ला उघडून बघावा हे तुला मी काय सांगणार! गुडघ्यांनी संप पुकारला आणि पालघरच्या बाजारातली जागा सोडून आई आमच्याकडे आल्या, तेव्हापासून तू सणावारालाच येतेस. सणावाराला सगळेच शहाण्यासारखे वागतात. एरवीच्या आई कशा असतात ते तुला कळलं पाहिजे, नाहीतर उद्या म्हणशील वहिनीने सांगितलं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे वाटे. जन्मभर मासळीचे वाटे लावून विकले, आता पुढ्यात मासळी नाही म्हणून हात थोडेच थांबतात? मी भाजी आणून ओतली की तासाभरात लादीवर बटाट्यांचे वाटे, कांद्यांचे वाटे, लिंबांचे वाटे, सगळे सारखे, आणि प्रत्येकात मोठा नग वर, बारके खाली. पोहे वाढतात तेही तसेच. वरून बघावं तर ताटलीभर शेंगदाणे, खाली उकरत जावं तर एक नाही. रिद्धीच्या वाढदिवसाला केक कापायचा मान आजीला दिला. आजीने केकचे वाटे लावले, पोरांना रांगेत बसवलं आणि एकेकाला विचारलं, 'बोल, कंचा वाटा पायजे?' खालच्या मजल्यावरचा एक मुलगा म्हणाला, याचा मोठा आहे. आईंनी लगेच दुसऱ्या वाट्यातली चेरी उचलून त्याच्यात टाकली, 'ही घे वरती, आता रडू नको, उद्या पन माझ्याकडंच ये.' पोरगा दुसऱ्या दिवशी खरंच आला. बिचारा स्वतःच्या आईला घेऊन आला होता, आजचा केक कुठे आहे म्हणून.

दुसरी गोष्ट बाजारहाटाची. शेजारच्या रूपलबेनना वाटलं, एवढी वर्षं बाजार केलेली बाई, हिला भाजीच्या गाडीवर नेलं तर भैया चळाचळा कापेल. आमच्या जिन्यातल्या सगळ्या बायका आईंना मध्ये घेऊन मिरवणुकीने खाली उतरल्या. आईंनी सुरुवात झकास केली. वांग्याचं देठ वाकवून बघितलं, भेंडी मोडली, तराजूकडे असं बघितलं की भैयाने तो आपणहून पुसला. भाव उतरायला लागले. आणि मग काय झालं देव जाणे, अर्ध्यात आई गाडीला वळसा घालून भैयाच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि आमच्यावरच उखडल्या. 'येवढं कमी? सकालधरनं उन्हात उभा हाय तो! त्याला पोरंबालं नाय? घ्यायची तर घ्या, नायतर फुडं व्हा, मागं गिऱ्हाईक खोलंबलाय!' मागे कोणीही नव्हतं गं. आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने सांगेल त्या भावाने भाजी घेतली. भैया आता त्यांना 'माताजी' म्हणतो आणि गाडी थेट आमच्या गेटसमोर लावतो. रूपलबेन अजून म्हणतात की बोईसरमध्ये सगळ्यात महाग वांगी आपल्याच बिल्डिंगमध्ये शिजतात. पण रोज दुपारी येऊन बसतात मात्र आईंच्याच शेजारी.

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट. आईंनी जन्मात कधी मासळी विकत घेतलेली नाही. बोटीवरून आली, घरची होती, विकली, उरली ती खाल्ली. मी लग्नानंतर पहिल्यांदा बोईसरच्या बाजारातून पापलेट आणलं होतं, ते आठवलं तरी घाम फुटतो. माझं माहेर शिरगावचं, वाडीवाले आम्ही, मला नारळ वाजवून कळतो, मासा नाही. आई तेव्हा पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांनी ते पापलेट उचललं, कल्ल्यात डोकावलं आणि शांतपणे म्हणाल्या, 'ह्याला तरी आठवतं काय, आपुन कवा मेलो ते?' तेव्हापासून आमच्याकडे मासळी आणायची ती आईंच्या संमतीने, आणि त्या इथे राहायला आल्यापासून त्याच आणतात. आणतात म्हणजे काय, सातपाटीची विजया आता बोईसरच्या बाजारात बसते, ती त्यांच्यासाठी चांगलं बाजूला काढून ठेवते. आई तिच्या ओट्याच्या आतल्या बाजूने जातात, बाहेरून गिऱ्हाइकासारखं उभं राहायला त्यांना लाज वाटते.

आता मागच्या रविवारी काय झालं ते ऐक. तुला आईंनी सांगितलं नसणारच. तुझ्या दादाच्या कारखान्यात नवे साहेब आलेत, बंगाली. मासे म्हटलं की त्यांचे डोळे भरून येतात. दादाने सगळ्या खात्यासमोर छाती फुगवून सांगितलं, साहेब, आमच्या घरी या, सातपाटीचं पापलेट म्हणजे काय ते खाऊन बघा. ठरलं. विजयाकडे निरोप गेला. मी सकाळी मसाला वाटायला बसले आणि आई रिक्षाने बाजारात गेल्या. विजयाने एकेक हातभर पापलेटं काढून ठेवली होती, ती आईंच्या पिशवीत घातली आणि म्हणाली, मावशी, जरा बसा, मी बीपीची गोळी घेऊन येते. तिथेच चुकलं. तू माशाला म्हणालीस की पाण्याशेजारी जरा बस, तर तो काय नुसता बसेल?

आई ओट्यावर बसल्या. एक गिऱ्हाईक आलं, त्यांनी विजयाचे बोंबील विकले. दुसरं आलं, कोलंबी गेली. पदर खोचला गेला, आवाज सुटला. विजया सांगते की औषधाच्या दुकानापर्यंत मावशींचा आवाज येत होता, म्हणून तिने वाटेत चहापण घेतला. मग एक गाडीवाली बाई आली, तिला मोठं पापलेट हवं होतं. ओट्यावरची सगळी बारकी. गिऱ्हाईक पाठ फिरवतंय म्हटल्यावर आईंनी मांडीवरची पिशवी उघडली आणि आपली पापलेटं ओट्यावर मांडली. घासाघीस झाली. ती बाई दोनदा जाऊन परत आली, आईंनी तिला दोनदा परत आणली. शेवटी सगळी तिला विकून, वर मूठभर कोलंबी टाकून, आई रिक्षात बसून घरी आल्या. हेतल, मी दार उघडलं तर काय सांगू तुला! गुडघ्याचं दुखणं कुठल्या कुठे, चेहरा नुसता उजळलेला. रिकामी पिशवी माझ्यासमोर झटकून म्हणतात कशा, 'सगली इकली गं! एक पन नाय रायली!'

माझ्या हातात वाटलेला मसाला, तव्यावर तेल, आणि साहेब तासाभरात दारात. मी आईंकडे बघितलं, आईंनी तव्याकडे बघितलं आणि मग त्या हळूच खुर्चीत बसल्या. दादा बाजारात धावला, तोवर ओटे धुवून झाले होते. साहेबांना मी वालाचं बिरडं, बटाट्याची भाजी आणि आईंच्या डब्यातल्या सुक्या जवळ्याची चटणी वाढली. मसाला जास्तच होता, तो बटाट्याला फासला. साहेब भले गृहस्थ, चटणी तीनदा मागून घेतली. पण दर वेळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की बिचारे माझ्या हाताकडे आशेने बघायचे. साहेबांची बायको शेवटी म्हणाली, 'माछ बाद में आएगा क्या?' मी म्हटलं, बादमें खीर आएगा.

ते गेल्यावर तुझा दादा आईंवर ओरडला. फार नाही, एकच वाक्य. 'आई, तुला आता काही कळेनासं झालंय का गं?' बस. मी त्याच्याकडे असं बघितलं की दुसरं वाक्य त्याच्या घशातच राहिलं, पण पहिलं बाहेर पडून गेलं होतं. आई बोलल्या नाहीत, हेतल! नंतर रूपलबेननी (त्या आईंना बा म्हणतात) मला जिन्यात गाठून सांगितलं, बा म्हणत होत्या, 'आपला माल कंचा आन दुसऱ्याचा कंचा, ह्ये कलेना झालं का बाईनं ओट्यावर बसू नये. कोनाच्या घरात पन बसू नये.' दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला फोन लावला.

तुझा दादा तेव्हापासून कासावीस झालाय. माफी मागायला जीभ वळत नाही, म्हणून रोज काहीतरी घेऊन येतो. गुडघ्याचा पट्टा आणला, मऊ चपला आणल्या, काल गरम बटाटेवडे आणले. आईंनी वड्यांचे वाटे लावले, पण कोणालाच विचारलं नाही, कंचा पायजे. मला इतकं रडू आलं की मी मिरचीचं निमित्त केलं. घर कसं झालंय सांगू? भैया गेटवर ओरडतो आणि वरून कोणी त्याला उत्तर देत नाही. रिद्धी मोबाइल वाचून दाखवते, तर आजी नुसतं हं म्हणते. इतके दिवस मला वाटायचं, आईंना आपण सांभाळतोय. कसलं काय! मी दमून आले की दारातूनच 'आली गं बाय, पानी घे' म्हणणारं कोणी होतं म्हणून मी दमायची हौस करत होते. आणि तुला माहीत नसेल, आमच्याकडे मासळी झाली की मधला तुकडा माझ्या पानात असतो. मुलाच्या नाही, नातीच्या नाही, माझ्या. दादाने एकदा चेष्टेत विचारलं तर आई म्हणाल्या, 'चुलीशी उभी रायते तिचा वाटा पयला.' जन्मभर चांगलं ते गिऱ्हाइकाला आणि उरलेलं घरच्यांना, असं केलेली बाई ती. आता पहिल्यांदा चांगलं ते घरात ठेवायची वेळ आली, तर ते तिने सुनेच्या पानात ठेवलं. मला माझ्या नशिबाचा हेवा वाटतो गं, खरंच सांगते.

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. परवा मी धीर करून म्हणाले, आई, नका जाऊ, मला करमणार नाही. तर म्हणाल्या, 'गिऱ्हाईक गोड बोलाया लागला म्हनजे त्याला कायतरी फुकट पायजे.' गोड बोलण्यावर त्यांचा विश्वास नाही. पण विजयाने मला एक गोष्ट शिकवलीय. एकाच पापलेटावर दोन बायकांनी हात ठेवला की शंका घेणारी बाईसुद्धा मानते, माल चांगला आहे. तेव्हा रविवारी ये, मोठी बॅग घेऊन ये आणि दारातच म्हण की आज आईला नेल्याशिवाय हलणार नाही. मी अडवीन. तू म्हण, माझी आई आहे. मी म्हणेन, इतके दिवस कुठे होतीस? (मनाला लावून घेऊ नकोस, आत्ताच पाया पडते.) तू उजवा हात धर, मी डावा धरते, गुडघे तेवढे सांभाळू. तुझा दादा मध्ये पडेल, त्याला दोघी मिळून झोडपू, ते मात्र खरंखुरं. शेजारीपाजारी जमू देत, रूपलबेनना मी सांगून ठेवलंय. आई आधी गप्प बसतील, मग कोण किती ताणतंय ते बघतील, आणि एकदा का 'गप बसा दोघी, मी सांगते' म्हणून त्यांचा आवाज सुटला की आपलं काम झालं. पुढे सुट्टीत हौसेने चार दिवस ने, मीच गाडीत बसवून देईन. पण स्वतःला उरलासुरला माल समजून बसलेली माझी सासू मी या घरातून जाऊ देणार नाही. तू भांडतेस छान, लग्नाआधीपासून ऐकून आहे, काही हातचं राखू नकोस. फक्त एवढी दया कर हेतल, घासाघीस करता करता खरोखर जिंकू नकोस.

तुझीच,
रविवार दुपारपर्यंतची वैरीण,
वहिनी दीपिका